अडुसष्टाचे शहात्तर, आणि डिंगोरे

यात्रा जवळ आली की जुन्नर-आंबेगावात गाडामालकांच्या तोंडी दोनच शब्द असतात, टोकन आणि बारी. टोकन मिळालं तर घाटात उतरायला मिळणार. बारी कितवी, त्यावर दिवसभर किती ताटकळायचं ते ठरणार. आपल्याकडच्या घाटात गाडे एकमेकांना खेटून पळत नाहीत. एक गाडा सुटतो, पुढं घोडी असते आणि निशाणापर्यंत किती सेकंद लागले ते घड्याळ सांगतं. शर्यत घड्याळाशी असल्यामुळे गाडे कितीही आले तरी निकालाला बाध येत नाही, फक्त दिवस अपुरा पडतो. सर्वोच्च न्यायालयानं मे 2014 मध्ये शर्यती बंद केल्या आणि 16 डिसेंबर 2021 ला अटी घालून पुन्हा परवानगी दिली. सात वर्षं दाबून ठेवलेली हौस मग एकदम घाटात उतरली. गाडे वाढले, तशी काही यात्रांची शर्यत एका दिवसावरून दोन-तीन दिवसांवर गेली. प्रश्न मिटला.

दोन संघांनी समोरासमोर उभं राहून खेळायच्या खेळात ही सोय नाही. तिथं एकाला आत घेतलं की त्याच्याशी कोण खेळणार, कधी, कुठं आणि कोणाच्या खर्चानं, हे सगळं आलं. म्हणून ‘किती जणांना आत घ्यायचं’ हा प्रश्न गावच्या टेनिस बॉल क्रिकेटपासून जगातल्या मोठमोठ्या स्पर्धांपर्यंत सगळीकडे भांडणाचा होतो. सध्या तो सर्वात जोरात गाजतोय अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये. त्यांची राष्ट्रीय स्पर्धा 2011 पासून 68 संघांची होत आली आहे, आणि ती 72 किंवा 76 ची करावी का, यावर तिथं रकानेच्या रकाने लिहिले गेलेत. 2025 च्या ऑगस्टमध्ये संबंधित समित्यांनी 2026 ची स्पर्धा 68 वरच ठेवायचं ठरवलं. विषय मात्र संपला नाही.

डिंगोऱ्यात बसून याचा विचार कशाला करायचा? ओतूरहून माळशेज घाटाकडे निघालं की कल्याण-अहिल्यानगर महामार्गावर हे गाव लागतं. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी धबधबे बघायला निघालेल्या गाड्या गावावरून भुर्रकन जातात. बारावीनंतर इथल्या पोरांना जवळचं कॉलेज म्हणजे ओतूरचं अण्णासाहेब वाघिरे महाविद्यालय, नाहीतर जुन्नरचं श्री शिवछत्रपती. त्या पोरांनाही कॉलेजच्या संघातून खेळायचं असतं, आणि त्यांच्याही वाटेवर दारं आहेत. कुठलं दार रुंद करायचं आणि कुठलं आहे तसं ठेवायचं, हे अमेरिकेच्या 87 वर्षांच्या खटपटीवरून चांगलं कळतं. म्हणून आधी तिकडचं सांगतो.

1939 मध्ये पहिली स्पर्धा झाली ती 8 संघांची. अंतिम सामन्यात ओरेगॉननं ओहायो स्टेटला 46-33 असं हरवलं. बास्केटबॉल प्रशिक्षकांच्या संघटनेनं ती भरवली होती आणि तिला चक्क तोटा झाला. 1951 मध्ये संघ 16 झाले. मग वीसबावीस वर्षं आकडा थोडा वर, थोडा खाली होत राहिला. पण नियम एक होता, तो फार कडक. अमेरिकेतली कॉलेजं ‘कॉन्फरन्स’ नावाच्या गटांत विभागलेली असतात, आपल्या विद्यापीठाच्या विभागांसारखी. एका कॉन्फरन्समधून एकच संघ पुढं जायचा, विजेता. उपविजेता कितीही तगडा असो, त्यानं घरी बसायचं.

मार्च 1974 मध्ये या नियमाचं पितळ उघडं पडलं. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायना स्टेट आणि मेरीलँड आमनेसामने आले. दोन्ही संघ देशातल्या पहिल्या पाचांत गणले जाणारे. सामना बरोबरीत सुटला, जादा वेळ द्यावा लागला आणि मेरीलँड 103-100 असं तीन गुणांनी हरलं. इतक्या गुणांचा, इतक्या अटीतटीचा तो सामना आजही तिथले जुने लोक आठवणीनं सांगतात. नॉर्थ कॅरोलायना स्टेट पुढं जाऊन राष्ट्रीय विजेता झालं. देशात चौथ्या क्रमांकाचा मानला जाणारा मेरीलँडचा संघ मात्र स्पर्धेत पाऊलही ठेवू शकला नाही, आणि त्याच्यापेक्षा कितीतरी कच्चे संघ आपापल्या गटाचे विजेते म्हणून आत बसले होते. पुढच्याच वर्षी, 1975 मध्ये, संघ 32 झाले आणि एका गटातून एकापेक्षा जास्त संघ घ्यायला परवानगी मिळाली. संख्या वाढवण्याचं याहून सबळ कारण मला तरी दुसरं सापडलेलं नाही. अन्याय डोळ्यांपुढं घडला होता आणि तो आकडा वाढवूनच दूर होणार होता.

त्यानंतर वाढ भराभर झाली. 1979 ला 40, 1980 ला 48, 1985 ला 64. बाद पद्धतीला 64 हा आकडा सोन्यासारखा: कोणाला पुढे चाल द्यावी लागत नाही आणि सहा फेऱ्यांत निकाल लागतो. बाद पद्धतीचं गणित तसं सोपं आहे. प्रत्येक सामना एका संघाला घरी पाठवतो, म्हणून जितके संघ, त्यात एक कमी, तितके सामने. 64 संघांना 63, 68 ला 67. उद्या 76 झाले तर 75. म्हणजे आठ संघ वाढले की आठ सामने वाढले, आणि प्रत्येक सामना टीव्हीवर विकता येतो.

इथं गावच्या क्रिकेटची पत्रकं आठवतात. ‘पहिल्या 32 संघांनाच प्रवेश’ असं त्यावर ठळक छापलेलं असतं. पहिल्या बक्षिसाचा आकडा फुगवायचा तर प्रवेश फी वाढवायची, नाहीतर संघ तरी. मग 32 चे 48 होतात, सामने सहा षटकांवरून चारवर येतात आणि शेवटचे सामने फ्लडलाइटखाली रात्री दोन वाजता संपतात. अमेरिकेत फक्त शून्यं जास्त. 2010 मध्ये तिथं स्पर्धा 96 संघांची करायचा बेत गंभीरपणे चर्चेला आला होता. ओरड झाली, बेत 68 वर थांबला, आणि त्याच वर्षी प्रक्षेपणाचा 14 वर्षांचा, 1,080 कोटी डॉलरचा करार झाला. 2016 मध्ये आणखी 880 कोटी डॉलर मोजून तो 2032 पर्यंत लांबवला गेला. 1939 ला तोट्यात गेलेल्या स्पर्धेची ही गत. तेव्हा 1975 ची वाढ न्यायासाठी होती आणि 2011 ची पैशासाठी, असं म्हणून मोकळं व्हायला हरकत नव्हती.

पण खेळ असा सरळ हिशोबानं चालत नाही. पैशासाठी केलेल्या त्या वाढीच्या पहिल्याच वर्षी, 2011 मध्ये, व्हर्जिनिया कॉमनवेल्थ नावाच्या विद्यापीठाला शेवटच्या काही जागांपैकी एक मिळाली. टीव्हीवरच्या जाणकारांनी नाकं मुरडली, या संघाची लायकी नाही म्हणाले. मुख्य स्पर्धेत शिरण्याआधी आणखी एक सामना खेळायला लागणाऱ्या संघांत तो होता. तिथून निघून एकेक सामना जिंकत, वाटेत कॅन्ससला धूळ चारत तो शेवटच्या चारांत पोचला. दहा वर्षांनी, 2021 मध्ये, यूसीएलए विद्यापीठानंही तीच वाट काढली. त्याही आधी 1985 ला, पहिल्यांदा 64 संघ झाले त्या साली, आठवं मानांकन मिळालेलं व्हिलानोव्हा थेट विजेतंच झालं होतं. मागच्या दारानं आत घेतलेले पाहुणे पंगतीचे मानकरी होऊन गेले.

अर्थात दुसरी बाजूही आहे. चार गटांतल्या अव्वल संघांशी सोळाव्या मानांकनाचे संघ 1985 पासून खेळत आले आणि ओळीनं 135 वेळा हरले. 2018 मध्ये मेरीलँड, बाल्टिमोर काउंटीनं व्हर्जिनियाला 74-54 असं लोळवलं तेव्हा तेहेतीस वर्षांची ती रांग तुटली. 2023 मध्ये फेअरली डिकिन्सननं पर्ड्यूला 63-58 असं हरवलं, तेही आधीचा पात्रता सामना खेळून आल्यावर. दोन चमत्कारांसाठी एवढे पराभव सोसायचे का, असं कोणी विचारलं तर तो प्रश्न वेडगळ नाही.

आपल्याकडे त्याचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. रणजी करंडकात 2018-19 च्या मोसमात एकदम नऊ नवे संघ घेतले गेले. 2022 च्या मार्चमध्ये प्लेट गटातून आलेल्या नागालँडला बाद फेरीत झारखंडशी खेळायला मिळालं. झारखंडनं 880 धावा केल्या, नागालँडला 289 मध्ये गुंडाळलं, फॉलोऑन दिला नाही आणि पुन्हा फलंदाजी करून आघाडी 1,008 धावांवर नेली. सामना अनिर्णित. पाच दिवसांतला बहुतेक वेळ त्या पोरांनी नुसता चेंडू आणला आणि टाकला. खालून वर यायला एक जागा ठेवली होती, हेतू चांगला होता, पण खालच्या पायऱ्या भक्कम नसताना ठेवलेल्या जागेचं काय होतं ते दिसलं. उलट प्रो कबड्डीनं 2017 मध्ये आठाचे बारा संघ केले. नव्या चारांपैकी गुजरात पहिल्याच मोसमात अंतिम सामन्यात होता, आणि हरियाणा स्टीलर्सनं 2024 च्या डिसेंबरात विजेतेपद पटकावलं. फरक कशात होता? कबड्डी खेळणारी पोरं देशभर आधीपासून तयार होती. बारा संघ भरतील एवढी, आणि वर उरतील एवढी.

अमेरिकेतल्या 76 च्या बेताबद्दल माझं मत याच कारणानं प्रतिकूल आहे. तिथं पहिल्या श्रेणीत साडेतीनशेहून अधिक कॉलेजं आहेत. कॉन्फरन्सचे विजेते थेट येतात, 2025 ला त्या 31 जागा होत्या. उरलेल्या 37 समितीनं निवडल्या. वाढणाऱ्या आठ जागा निवडीच्या असतील, आणि निवडीच्या जागा कोणाकडे जातात ते 2025 ला सगळ्यांनी बघितलं: एकट्या साउथईस्टर्न कॉन्फरन्सच्या 16 पैकी 14 संघांना प्रवेश मिळाला. जुलै 2025 पासून कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे देता येऊ लागले आहेत, त्यामुळे मोठ्यांचं बळ आणखी वाढणार. 1974 च्या मेरीलँडसारखा दाराबाहेर राहिलेला बलाढ्य संघ आता कोणी उरलेला नाही. वाढीव जागा बड्या घरच्या बाराव्या-तेराव्या मुलाला जातील, आणि लहान कॉलेजांना आणखी एका पात्रता सामन्यात ढकललं जाईल.

मुलींच्या स्पर्धेची गोष्ट याहून वेगळी आणि आपल्याला जवळची. ती 1982 ला 32 संघांनी सुरू झाली, 1994 ला 64 झाली आणि मग कितीतरी वर्षं तिथंच राहिली. मुलांचे 68 झाले तरी मुलींचे 64 च. 2021 मध्ये सॅन अँटोनिओला स्पर्धेसाठी जमलेल्या एका खेळाडूनं व्यायामाच्या सोयीचा व्हिडिओ टाकला. मुलांसाठी भलीमोठी व्यायामशाळा आणि मुलींसाठी डंबेल्सची एक घडवंची. देशभर छीथू झाली. 2022 ला मुलींचेही 68 संघ झाले आणि ‘मार्च मॅडनेस’ हे मुलांच्या स्पर्धेचं नाव वापरायची परवानगीही त्यांना तेव्हाच मिळाली. दोनच वर्षांनी, 2024 मध्ये, मुलींचा अंतिम सामना जवळजवळ 1 कोटी 90 लाख लोकांनी पाहिला. मुलांचा 1 कोटी 48 लाखांनी.

आता आपली शिडी. ओतूर असो की जुन्नर, कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची. अकरावी-बारावीची मुलं क्रीडा खात्याच्या शालेय स्पर्धांत 19 वर्षांखालील गटात खेळतात: तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला की ती एकदम दुसऱ्या जगात येतात. विद्यापीठाचे पुणे शहर, पुणे जिल्हा, अहिल्यानगर आणि नाशिक असे विभाग. विभागात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, त्यातून विभागाचा संघ, मग आंतरविभागीय आणि त्यातून विद्यापीठाचा 12 जणांचा संघ. तो पश्चिम विभागात महाराष्ट्र, गोवा, गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेशातल्या विद्यापीठांशी भिडतो. देशाच्या चार विभागांतले पहिले चार-चार, म्हणजे 16, अखिल भारतीय स्पर्धेत. त्यातले पहिले आठ खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेला; ही स्पर्धा 2020 मध्ये भुवनेश्वरला सुरू झाली.

अमेरिकेच्या पद्धतीत आणि यात एक मूलभूत फरक आहे. तिकडे कॉलेज हाच शेवटपर्यंत संघ. इकडे पहिली पायरी संपली की कॉलेज बाजूला पडतं आणि खेळाडू उरतो. ओतूरचा संघ हरला तरी त्यातली एखादी मुलगी विभागाच्या संघात निवडली जाऊ शकते, तिथून विद्यापीठाच्या. ती ‘कलर’ मिळवते, नाव लागलेला ट्रॅकसूट घालून गावी येते. पद्धत वाईट नाही. लहान कॉलेजच्या गुणी पोराला तीच वाचवते.

पण निवड कशावर करायची? बास्केटबॉलचा सामना 10 मिनिटांच्या चार सत्रांचा, चाळीस मिनिटांचा. बाद पद्धतीत पहिल्याच फेरीत शहराला लागून असलेल्या, क्लबात तयार झालेल्या मुलींचा संघ समोर आला, तर आपल्या मुलीच्या हातात चेंडू किती वेळ राहणार? वर्षभराचा सराव, पात्रता अर्जावर चिकटवलेला फोटो, प्राचार्यांची सही-शिक्का, पहाटेची एसटी, आणि अकरा वाजता परत जिमखान्याच्या पायरीवर डबा खात बसायचं. पुढची स्पर्धा पुढच्या वर्षी. आंतरविद्यापीठ स्पर्धेला वयाची मर्यादा 25 आहे, पण पदवीची वर्षं मोजली तर अशा मुलीच्या वाट्याला उभ्या कॉलेजजीवनात चार-पाच सामने येतात.

शिवाय बास्केटबॉल हा काही मातीत रेघ ओढून खेळायचा खेळ नाही. कबड्डीला 13 मीटर बाय 10 मीटर माती पुरते. बास्केटबॉलला 28 बाय 15 चं पक्कं मैदान, 3.05 मीटरवर कडी, टप्पा सरळ उडेल अशी जमीन. पावसात काँक्रीटवर शेवाळ धरतं आणि माळशेजच्या बाजूचा पाऊस सगळ्यांना माहीत आहे. त्यात जुन्नरचा बिबट्या. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र काही हौसेनं उभं राहिलेलं नाही. उसाच्या बांधावरून दिवेलागणीनंतर पोरीला एकटं येऊ द्यायला कुठले आईवडील धजावतील? शहरातला संघ दिव्यांच्या उजेडात आठ वाजेपर्यंत सराव करतो, आपल्याकडचा पाचला गुंडाळतो. वर्षाच्या शेवटी हा रोजचा तास-दीड तास कुठं दिसतो, तर धावफलकावर.

प्रमाणपत्राचाही मुद्दा आहे, आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. त्यामुळे वरच्या स्पर्धांतला क्रमांक म्हणजे घरादाराचा प्रश्न. वरच्या पातळीवर संघ वाढवले की प्रमाणपत्रं वाढतात. प्रमाणपत्रं वाढली की त्यांची किंमत घटते आणि बनवेगिरीला वाव मिळतो. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं महाराष्ट्रानं पाहिली आहेत. अखिल भारतीय फेरीतल्या 16 च्या 24 करा, अशी मागणी कोणी केलीच तर माझा तिला विरोध राहील. डिंगोऱ्याच्या मुलीला त्याचा काडीचाही उपयोग नाही.

तिला उपयोग आहे तो पहिल्या पायरीवरच्या सामन्यांचा. पुण्याची शिरीन लिमये भारतीय संघाची कर्णधार झाली. तिच्यामागं शहरातली मैदानं आणि वर्षानुवर्षं खेळलेले असंख्य सामने होते. गुण ग्रामीण भागातही असतील, सामने नाहीत. म्हणून स्पर्धा वाढवायचीच तर ती इथं वाढवा आणि बाद पद्धत सोडून साखळी धरा.

ओतूर, जुन्नर, नारायणगाव, बेल्हे, मंचर आणि घोडेगाव. सहाही ठिकाणी महाविद्यालयं आहेत आणि सगळी जुन्नर-आंबेगाव या शेजारशेजारच्या दोन तालुक्यांत. सहा संघांची स्पर्धा बाद पद्धतीनं घेतली तर 5 सामन्यांत आटोपते आणि काही संघ एकच सामना खेळून घरी जातात. साखळी घेतली तर 15 सामने होतात, प्रत्येक संघाला 5. हे 15 सामने पाच रविवारांत बसतात: दर रविवारी सगळे एका ठिकाणी, तीन सामने मुलांचे, तीन मुलींचे. एका सामन्याला सव्वा तास धरला तर सकाळी आठला सुरू करून दुपारी साडेतीनला मैदान मोकळं. उजेड असतानाच परतीची एसटी. पंच तेच, टेबलावरचे गुणलेखक तेच, खर्च म्हणाल तर टीए-डीए आणि जेवण. निवड समितीच्या एका माणसानं यातले दोन रविवार येऊन बसावं, म्हणजे चाळीस मिनिटांवर कोणाचं भवितव्य ठरणार नाही. ज्या कॉलेजला बारा मुली मिळत नाहीत त्यानं आठ घेऊन यावं. मैदानात पाचच लागतात.

यासाठी विद्यापीठाचा ठराव लागत नाही की कुठल्या मंत्र्याची सही. सहा प्राचार्य आणि सहा क्रीडा संचालक एकदा ओतूरला किंवा नारायणगावला तासभर बसले की तारखा ठरतात. विभागीय स्पर्धांच्या आधी हे सामने संपले पाहिजेत, म्हणून बैठक प्रवेश संपताच, ऑगस्टमध्ये व्हायला हवी.  येणारा ऑगस्ट वाया जाऊ देऊ नका.